बाजारात तुरी

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या खोलीत टेबलाच्या वर, भिंतीवर, वहीतून फाडलेला एक जोडकागद डकवलेला आहे. त्यावर पेन्सिलीने एक किनारपट्टी काढली आहे, मागे डोंगर, एका खाडीच्या तोंडाशी छोटासा मनोरा. मला वाटलं, सिंधुदुर्गाकडचं काही असावं. विचारलं तर म्हणाला, ‘‘मामा, हे हॅमरफेल आहे. म्हणजे बहुतेक हॅमरफेल.’’

हॅमरफेल हा गेममधला एक काल्पनिक मुलूख, आणि हा ‘बहुतेक’ छत्तीस सेकंदांच्या एका चित्रफितीवर उभा आहे. जून २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनाच्या वेळी अमेरिकेतल्या बेथेस्डा कंपनीने ती दाखवली. धुकं, डोंगर, पुढे समुद्र आणि शेवटी नाव, ‘द एल्डर स्क्रोल्स ६’. बस. माणूस नाही, तलवार नाही, तारीख तर नाहीच. ती आली तेव्हा भाचा सातवीत होता. सातवीतला पोरगा इंजिनिअरिंगला पोचला, गेम काही पोचला नाही. मधल्या काळात त्याने ती फीत थांबवून थांबवून इतक्या वेळा पाहिली आहे की खडकांच्या सावल्याही त्याला पाठ आहेत. पुढे २०२० च्या शेवटच्या दिवशी कंपनीने शुभेच्छांसोबत जुन्या नकाशाचा एक फोटो टाकला, नकाशावर मेणबत्त्या ठेवलेल्या. त्या मेणबत्त्या कुठल्या गावावर ठेवल्यात यावर जगभर खल झाला, आणि त्यात आमचे चिरंजीवही होते.

ज्यांचा गेमशी संबंध कँडी क्रशपुरताच आला, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ‘एल्डर स्क्रोल्स’ ही १९९४ पासून चालत आलेली मालिका. तिचा पाचवा भाग ‘स्कायरिम’ ११ नोव्हेंबर २०११ ला आला आणि २०२३ पर्यंत त्याच्या ६ कोटी प्रती खपल्या. त्यात एक बर्फाळ मुलूख आहे आणि तुम्ही तिथले एक रहिवासी. जे कराल त्यात तरबेज होता: धनुष्य चालवलंत तर धनुष्यात, चोऱ्या केल्यात तर चोरीत. ड्रॅगन जग जाळायला निघालेला असतो, पण तुम्हाला घाई नसेल तर तो थांबतो. तुम्ही फुलं गोळा करा, लोखंड ठोका, कुणाच्या घरात शिरून टेबलावरचं पनीर उचला. गेममधली ही मोकळीक माझ्या पिढीला कळणं अवघड आहे, कारण आम्हाला सुट्टीतसुद्धा ‘आता पुढे काय’ असं कुणी ना कुणी विचारतच असे. ज्याला तेराव्या वर्षी अशी मोकळीक मिळाली, त्याने पुढच्या भागाची वाट पाहू नये असं म्हणायला मी बसलेलो नाही.

वाट पाहण्यात काही गैर नाही. गैर आहे ते वाट पाहण्याची पावती फाडण्यात.

‘‘मी इतकी वर्षं वाट पाहिली आहे’’ हे वाक्य मी भाच्याच्या तोंडून ऐकलं आहे आणि त्याच्या मित्रांच्याही. ते वाक्य ज्या सुरात येतं तो सूर सावकाराचा असतो. जणू कंपनीकडे आपलं काही येणं आहे, आणि दर वर्षाला त्यावर व्याज चढतंय. पण हिशेब करून बघा. स्कायरिमचे पैसे दिले, स्कायरिम मिळाला, शेकडो तास खेळून झाला. वाण्याकडचं खातं तिथेच बंद झालं. सहाव्या भागासाठी अजून कुणी एक रुपया दिलेला नाही. वाट आपण आपल्या खुशीने पाहतो. शेजारच्या घरात पुरणपोळीचा वास सुटला म्हणून पोळी आपल्या ताटात यायलाच हवी असा हक्क सांगता येत नाही.

आता कंपनी फार सोज्वळ आहे असंही नाही. २०१८ मध्ये सहाव्या भागाची गोष्ट कागदावरही नीट उतरली नव्हती. त्याआधी ‘स्टारफिल्ड’ करायचा हे ठरलेलं होतं, आणि तो यायला सप्टेंबर २०२३ उजाडला. तरी घोषणा झाली. मुलगी बघायच्या आधी कार्यालय बुक करावं तसला हा प्रकार. जून २०२३ मध्ये बेथेस्डाची मालक असलेल्या मायक्रोसॉफ्टच्या खटल्यात साक्ष देताना एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी हा गेम पाच वर्षांहूनही दूर असल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे लोकांना पत्ता लागला की आपण कुठे उभे आहोत. विलंबाची कारणं तशी साधी आहेत. हा स्टुडिओ मोठे गेम एकामागून एक करतो. स्कायरिम शंभरेक माणसांनी केला होता, स्टारफिल्डला चारशेवर लागली. माणसं वाढली की काम लवकर होतं, हा समज ज्यांनी कधी घर बांधायला काढलेलं नाही त्यांचा.

मग घाईघाईने घोषणा का? कारण चाहते रोज विचारत होते. इथे आपणही जरा आरशात पाहायला हवं. मागणी आपली होती, त्यांनी एक धुक्याची फीत हातावर ठेवली, आणि आपण त्या फितीवरून भांडायला लागलो. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशी आमच्याच घरात दिवाळीच्या फराळाला भाचा आणि त्याचा चुलतभाऊ यांच्यात जुंपली होती: नव्या गेममध्ये जहाजं असावीत की नसावीत. जेवणं होईपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत.

घरातल्या अबोल्यावर निभावलं तर हसून सोडता येतं. वॉर्सातल्या सीडी प्रोजेक्ट रेड या स्टुडिओने ‘सायबरपंक २०७७’ ची घोषणा २०१२ मध्ये केली होती. तो कशाचा पुढचा भाग नव्हता, पण ‘विचर ३’ वाल्यांचा पुढचा गेम म्हणून लोक तितकेच ताटकळले होते. तारखा पुढे जात जात १९ नोव्हेंबर २०२० ठरली, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस ती आणखी २१ दिवसांनी ढकलली गेली. एकवीस दिवस. त्यावर स्टुडिओतल्या लोकांना जिवे मारण्याच्या धमक्या गेल्या. तिथल्या एका डिझायनरला जाहीरपणे सांगावं लागलं की तुमचा राग समजतो, पण आम्हीही तुमच्यासारखी माणसंच आहोत. ही माणसं तेव्हा आठवड्याचे सहा दिवस राबत होती. जादा राबवणार नाही असा शब्द वरच्यांनी दिला होता, तो मोडून. तारीख वरचे ठरवतात, शिव्या खालचा खातो. हे आपल्याला नवं नाही. एसटी उशिरा आली की कंडक्टरच्या अंगावर जाणारे आपणच.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू बघा, कारण मला सगळ्यात जास्त ती खुपते. हाच गेम बाजारात येण्याआधी ८० लाख लोकांनी आगाऊ पैसे भरून ठेवले होते. न पाहता. जुन्या प्लेस्टेशनवर तो कसा चालतो हे कंपनीने आधी धड दाखवलंच नव्हतं, आणि ते कुणी विचारलंही नाही. १० डिसेंबरला तो आला. जुन्या यंत्रांवर माणसांचे चेहरे मेणासारखे, रस्ते अर्धवट उमटलेले, मध्येच सगळं बंद. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून पैसे परत द्यायला सुरुवात केली. म्हणजे जिथे आपला कवडीचा हक्क नव्हता तिथे आपण सावकार होतो, आणि जिथे खिशातून नोटा जात होत्या, प्रश्न विचारायचा पुरेपूर हक्क होता, तिथे डोळे मिटून हात जोडणारे भाविक. आगरकरांनी भोळ्या श्रद्धेवर कोरडे ओढले त्याला शंभरावर वर्षं झाली. देव्हाऱ्यातली मूर्ती बदलली, हात तसेच जोडलेले.

आगाऊ नोंदणीचं मला तर कोडंच आहे. देवगड हापूसची पेटी फेब्रुवारीत सांगून ठेवणं मी समजू शकतो, आंबा मोजकाच येतो आणि ओळखीच्या बागायतदाराकडचा पहिला उतार हुकतो. पण डाउनलोड करायचा गेम संपतो का? पहिल्या दिवशी जितका आहे तितकाच तो दहाव्या दिवशीही असतो, उलट तोवर दोन-चार दुरुस्त्या झालेल्या असतात. भाच्याला हे विचारलं तर म्हणाला, ‘‘मामा, प्री-ऑर्डर केलं की एक स्पेशल घोडा मिळतो.’’ घोड्यासाठी चार हजार रुपये अंधारात टाकायचे! स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात, हे त्याला ठाऊक होतं. आजवर किती वेळा मागितले? एकदाही नाही. ‘‘बरं दिसत नाही,’’ म्हणाला. गेम करणाऱ्यांना रात्री अडीच वाजता ‘आळशी’ म्हणून कळवणं मात्र बरं दिसतं.

ग्राहक म्हणून तोंड उघडलं की उपयोग होतो, याचा दाखला याच मालिकेत आहे. स्कायरिममध्ये खेळाडू स्वतः भर घालतात, नवी गावं, नव्या कथा, नवे पोशाख. त्यांना मॉड म्हणतात. एप्रिल २०१५ मध्ये स्टीम चालवणारी वाल्व कंपनी आणि बेथेस्डाने हे मॉड विकायला काढले. करणाऱ्याच्या हाती किमतीतले २५ टक्के, बाकीचे वरच्या दोघांचे. लोक खवळले, पैशाच्या मुद्द्यावर खवळले, आणि चार दिवसांत योजना गुंडाळून सगळ्यांचे पैसे परत झाले. तिथेही काहींनी बिचाऱ्या मॉड करणाऱ्यांनाच घरचा रस्ता दाखवला, तो भाग लाजिरवाणाच. पण मुद्दा नेमका असला आणि पत्ता बरोबर असला तर तक्रार ऐकली जाते.

पत्ता चुकण्याचा प्रकार आपल्या दारातही घडून गेला. सप्टेंबर २०२० मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ च्या गाजलेल्या गेमचं नवं रूप जाहीर झालं. काम होतं युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे. ट्रेलर फिका पडला हे खरं, चेहरे जुनाट वाटत होते, टीका व्हायलाच हवी होती. पण त्यातल्या कित्येक टोमण्यांचा रोख चित्रांपेक्षा स्टुडिओच्या पत्त्यावर होता, आणि ‘आपल्या लोकांना जमतंय होय’ म्हणणाऱ्यांत आपली मराठी पोरंही होती. जानेवारी २०२१ ची तारीख पुढे गेली, पुन्हा गेली, आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलला हलवलं गेलं. आपल्या शहरातलं कुणीतरी जगाच्या नजरेसमोर अडखळत असताना ‘कुठे अडलं?’ एवढं विचारायला आपल्याला सुचलं नाही.

शर्ली करी यांची गोष्ट मला राहून राहून आठवते. १९३६ चा जन्म, अमेरिकेतल्या एक आजीबाई, यूट्यूबवर स्कायरिम खेळून दाखवायच्या आणि बघणाऱ्यांना ‘नातवंडांनो’ म्हणून हाक मारायच्या. या आजींना सहाव्या भागात पात्र म्हणून घ्या, असा अर्ज हजारो चाहत्यांनी केला आणि २०१९ मध्ये कंपनीने तो मान्यही केला. किती गोड! पण वर्षभरात याच आजींना सल्ले देणाऱ्या, टाकून बोलणाऱ्या कॉमेंट्सचा इतका ताप झाला की त्यांनी व्हिडिओ कमी करायचं ठरवलं. अर्जावर सही करणारे आणि आजींना शिकवायला निघालेले, ही दोन वेगळी गावं नव्हेत. एकच माणूस सकाळी एक असतो आणि रात्री दुसरा. प्रेम खरं असतं म्हणून ते चांगलंच वागेल, असं कुठे आहे?

जुलै २०२४ मध्ये बेथेस्डा गेम स्टुडिओजच्या २४१ जणांनी मिळून कामगार संघटना केली. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी बेथेस्डाच्या छत्राखालचे काही स्टुडिओ बंद केले होते, ते डोळ्यांसमोर होतं. ही बातमी भाच्याला मी सांगितली, त्याला ती माहीत नव्हती. सहाव्या भागातल्या मनोऱ्याला किती खिडक्या आहेत हे माहीत होतं. मी बोललो नाही काही, पण त्याला ते लागलं असावं.

गेल्या दोन-तीन महिन्यांत त्याने एक नवंच काढलं आहे. बेथेस्डाचं क्रिएशन किट म्हणून एक फुकट साधन आहे, ज्याने स्कायरिममध्ये मॉड करता येतात, ते घेऊन तो एक गाव बसवतोय. पाच घरं, एक विहीर, एक दुकान. दुकानदाराने गिऱ्हाइकाशी मराठीत बोलायचं अशी त्याची कल्पना. गेल्या रविवारी मला बोलावून त्याने मोबाइलवर माझा आवाज घेतला. वाक्य एकच: ‘‘अजून उघडलं नाही, थोड्या वेळाने या.’’ मला वाटलं, दोन मिनिटांचं काम. अकरा वेळा घेतलं. एकदा कुकरची शिट्टी आली, एकदा मी फार शुद्ध बोललो, एकदा त्याच्या म्हणण्याप्रमाणे ‘दुकानदार चिडलेला वाटतोय’. अकराव्यांदा जमलं. मग त्याने पडद्यावर गाव दाखवलं. दुकानदार काउंटरमागे कमरेपर्यंत जमिनीत रुतून उभा होता, आणि त्याला वर कसं काढायचं ते दोन आठवडे सापडत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. मित्राचा मेसेज होता, मलाही दिसला: ‘कधी देतोस रे? किती दिवस झाले.’

त्याने फोन पालथा घातला आणि पुन्हा त्या दुकानदाराच्या पायांकडे वळला.