चकाकी कुठे हवी?

२०१५ साली आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी आळीपाळीने सायकल चालवून अमेरिका आडवी पार केली. गंगापूर रोडवर पहाटे सायकलस्वार दिसतात, आणि पावसाळ्यात दारात बसून चिखल पुसणारी मुलेही. सायकल चकचकीत ठेवणे हा निव्वळ दिखावा आहे का?

नाही. फडके फिरवताना हाताला सैल आरा लागतो, रंगाखालचा गंज दिसतो. पुसणे म्हणजे तपासणे. प्रायश्चित्त संस्कारापूर्वी आपण स्वतःला तपासतो, ते असेच.

पण एक सावधगिरी हवी. जिथे ब्रेक पकडतो त्या रिमला तेल किंवा पॉलिश लागले, तर ब्रेकचे रबर घसरते. सायकल झळकते, उतारावर मात्र थांबत नाही. आपलेही तसेच होते. "सगळेच करतात", "एवढे चालते" असे म्हणत आपण सदसद्विवेकबुद्धीची टोचणी गुळगुळीत करून टाकतो. चारचौघांत चांगले दिसतो, पण मोहाच्या क्षणी ब्रेक लागत नाही.

प्रभू येशूने परुश्यांना प्याला आधी आतून स्वच्छ करायला सांगितले (मत्तय २३:२६). आज मिस्साला बसताना स्वतःला विचारू या : मी पुसतो आहे, की झाकतो आहे?