आपल्या चालीने



साताऱ्याच्या अर्धमॅरेथॉनला, ऐन पावसाळ्यातल्या एका पहाटे, मैदानावर जमलेल्या गर्दीत कचेरीत दिवसभर दप्तर सांभाळणारे, पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ बुटाची बांधलेली नाडी सोडून ती पुन्हा, किंचित सैल, बांधताना मी पाहिले. लांब धावताना पावले फुगतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. गावोगावच्या अशा शर्यती ते एकामागून एक पुऱ्या करीत आले होते. बक्षीस एकीतही नव्हते. ते धावतात आपल्या चालीने.

या शर्यतीच्या वाटेवरचा यवतेश्वरचा घाट मोठा न्यायी आहे. आरंभीच्या उत्साहात जो दुसऱ्याच्या वेगाशी ईर्ष्या करतो, त्याला तो चढावर धाप लावतो. आणि परतीच्या उतारावर, जिथे सारे सुगम वाटते, तिथे त्याच्या मांड्यांकडून त्या बेपर्वाईचा हिशेब व्याजासह वसूल करतो. 21 किलोमीटरांचे ते अंतर कुणालाही सवलत देत नाही.

आचरणाचेही असेच आहे. एखाद्या दिवशी उदार होणे, एखाद्या प्रसंगी सत्य बोलणे, हे आवेशाने साधते. परंतु टाळ्या मागे राहिल्यावर, कोणी पाहत नसताना, तेच औदार्य आणि तीच सचोटी दुसऱ्या दिवशीही टिकवणे, यालाच मी चारित्र्य मानतो. आणि ईर्ष्येचेही तेच. शेजाऱ्याची बढती, भावाचे नवे घर, ही त्यांची चाल. तिने आपले पाऊल का अडखळावे?

श्रोतेहो, आज जे काम हाती घ्याल, ते आपल्या चालीने करा. आणि उद्या पुन्हा त्याच कामाला लागा.