टॉवरविरुद्ध साक्ष

गेल्या पावसाळ्यात देवास येथे उपासनेनंतर एका बंधूंच्या घरी जेवण होते. माळव्यातला खरमोर का दिसेनासा झाला, अशी गोष्ट निघाली. घरधन्यांनी खिडकीतून मोबाइलच्या टॉवरकडे बोट केले. "याच्या लहरींनी नर पक्ष्यांची बीजशक्ती जाते." सर्वांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. नंतर ते मला बोचू लागले.

त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. १९८३ साली अमेरिकेतील संशोधकांनी जपानी लाव्यांची अंडी पहिले बारा दिवस मायक्रोवेव्ह लहरींखाली ठेवल्याचे प्रसिद्ध केले. घरच्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये असतात त्याच २.४५ गिगाहर्ट्झच्या त्या लहरी. पिले जन्मली, वाढली. पण वयात आलेल्या नरांपासून फलित अंडी कमी मिळाली. इजा अंड्यात झाली आणि कळली पुढच्या पिढीच्या वेळी! अंड्यांवर बसलेल्या पक्षिणीला धरू नये, असा नियम अनुवादाच्या २२व्या अध्यायात आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या इजेला तो का लागू नसावा?

पण वाचकहो, त्या प्रयोगातला मारा दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट होता. आपल्या देशात २०१२ साली टॉवरसाठी ठरलेली मर्यादा त्या लहरींपुरती ०.१ मिलिवॅट, म्हणजे पन्नासावा हिस्सा. एवढ्यावरून माळव्यातल्या टॉवरला दोषी म्हणता येत नाही. लोखंडी टॉवर काही आपला शेजारी नव्हे, हे खरे. तरी खोटी साक्ष ती खोटीच.

आणि खरमोराचे काय झाले, ते तर उघड आहे. पावसाळ्यात नर गवतावर दिवसाला शेकडो उड्या मारून मादीला बोलावतो. मादी जमिनीवरच अंडी घालते. ते गवत नांगराखाली गेले, तेथे सोयाबीन आले. योगायोग असा की १९८३ सालीच धार जिल्ह्यात सरदारपूरचे खरमोर अभयारण्य झाले. तरी २०२१ साली हा पक्षी अतिसंकटग्रस्त ठरला. त्या अभयारण्याच्या हद्दीतल्या शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे स्वतःची जमीन विकता आली नाही. पक्ष्याची किंमत मोजली ती त्यांनी. टॉवरला बोल लावणाऱ्या आमच्या पंक्तीत कोणाच्या पदरचा पैसा गेला नव्हता.

त्या रात्रीच्या पुऱ्या सोयाबीनच्याच तेलात तळलेल्या होत्या. मी चार खाल्ल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा देवासला जायचे आहे. त्या बंधूंना हे कोणत्या तोंडाने सांगावे, याचा अजून विचार करतो आहे.