नुसती हजेरी

शाळेत मला जन्मात एकच बक्षीस मिळालं. शंभर टक्के हजेरीचं. "त्यात काय, नुसतं जाऊन बसायचं तर होतं!" असा निकाल वडिलांनी दिला आणि पुढे लग्नानंतर वरच्या कोर्टाने, म्हणजे आमच्या सौ.ने, तो कायम केला.

माझा एक भाचा डब्लिनला असतो. त्याला रग्बीचं वेड. नारळाच्या आकाराचा चेंडू पोटाशी धरून पळायचं आणि धिप्पाड माणसं अंगावर पाडून घ्यायची, एवढंच मला त्यातलं कळतं. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड आणि फ्रान्स हे दरवर्षी ही भाऊबंदकी करतात. २००० सालापासून इटलीही त्यात आली. त्याने सांगितलेली एक हकिकत मात्र माझ्या मनातून जात नाही.

१९७२ साली उत्तर आयर्लंड पेटलं होतं. डब्लिनमधली ब्रिटिश वकिलात लोकांनी जाळली. धमक्या आल्या, तेव्हा स्कॉटलंड आणि वेल्स तिथे खेळायला गेलेच नाहीत. त्यांना भित्रे म्हणायला माझी जीभ धजत नाही. गल्लीत कुत्रं दिसलं तरी मी रस्ता बदलतो. पुढल्या वर्षी पाळी आली इंग्लंडची. सगळ्यांत जास्त भ्यायचं तर यांनी! पण ते गेले. मैदानात पाऊल टाकताच आयरिश प्रेक्षक उठून उभे राहिले. टाळ्या थांबेचनात. मग यजमानांनी पाहुण्यांना १८-९ असं यथासांग हरवलं. पाहुणचार वेगळा, खेळ वेगळा. रात्री जेवणाच्या वेळी इंग्लंडचा कप्तान जॉन पुलिन म्हणाला, की आम्ही खेळात फारसे बरे नसू, पण निदान येतो तरी!

गंमत म्हणजे १९७३ साली पाचही संघ घरी जिंकले, बाहेर हरले आणि गुणांत सारखे राहिले. पहिला कोणीच नाही. लक्षात राहिलं ते कोण आलं एवढंच.

माझ्या एका जुन्या मित्राची बायको गेल्या वर्षी गेली. भेटून बोलायचं काय, ते सुचेना. शब्द सुचले की जाऊ, म्हणत म्हणत वर्ष गेलं. परवा एकदाचा गेलो. शब्द तेव्हाही सुचले नाहीत. त्यानेच चहा केला. "आलास, बरं झालं," एवढंच म्हणाला.

नुसतं जाऊन बसायचं तर होतं. वर्षभर मला तेवढंच जमलं नव्हतं.