साहाय्य किती अंतरावर असावे?

मुंबई-सोलापूर लोहमार्गावर दौंड मागे पडल्यानंतर आणि कुर्डुवाडी येण्याआधी जेऊर नावाचे स्थानक लागते. आपल्यापैकी बहुतेकांनी हे नाव गाडीच्या खिडकीतूनच वाचले असेल. गाव करमाळा तालुक्यात मोडते. उजनी जलाशयाच्या पाण्याने या कोरडवाहू मुलुखात ऊस आणला. जिल्ह्याचे ठिकाण सोलापूर येथून शंभर किलोमीटरहून अधिक दूर. पुणे सुमारे दीडशे. हे अंतर आम्ही भूगोलाच्या हौसेने सांगत नाही. ज्या घरात मान न धरणारे, वर्ष उलटले तरी न बसणारे, हाक मारली असता वळून न पाहणारे मूल आहे, त्या घराच्या दृष्टीने हा आकडा नीतीचा विषय होतो. जेऊर हे येथे उदाहरणादाखल घेतले आहे. अशी गावे महाराष्ट्रात हजारो आहेत.

अशा मुलाला लागणारे साहाय्य औषधाच्या बाटलीसारखे नसते. एकदा आणले आणि पुरले, असे होत नाही. मेंदूच्या पक्षाघाताने ताठलेले हातपाय मोकळे करणे, ठसका न लागता घास गिळायला शिकवणे, आवाजाकडे लक्ष वेधणे ही कामे रोजची आणि वर्षानुवर्षांची आहेत. त्यातही पहिली तीन वर्षे फार मोलाची, कारण मेंदूची घडण त्या काळात झपाट्याने होत असते. आता जेऊरजवळच्या एखाद्या वस्तीवरील आईने दर आठवड्याला सोलापूरला जायचे ठरवले, असे समजा. पहाटे उठून थोरल्याला शेजारणीच्या हवाली करायचे, धाकट्याला काखेत घेऊन स्थानक गाठायचे, गाडीत मिळेल तेथे टेकायचे. मग रुग्णालयातील रांग, अर्ध्यापाऊण तासाचा उपचार, परतीची वाट. तिची मजुरी बुडते. नवरा सोबत गेला तर त्याचीही. मुलाचे वजन दर महिन्याला वाढते, आईची कंबर मात्र तीच राहते. रेल्वे व एस.टी. अपंग प्रवाशाला सवलत देतात, ही चांगलीच गोष्ट होय. परंतु सवलतीच्या तिकिटाने बुडालेला दिवस परत मिळत नाही. काही महिन्यांत फेऱ्या थांबतात आणि पालकांनी पाठपुरावा केला नाही, असा शेरा कागदावर पडतो.

हा दोष कोणाचा? आमच्या मते येथेच खरा नैतिक प्रश्न आहे. दूरच्या ठिकाणी साहाय्याची सोय करून ठेवणारा समाज आपल्या कर्तव्यातून मुक्त झाला, असे मानावे काय?

दोष शोधण्याची आपली सवय मात्र जुनी आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभू येशूला प्रथम विचारले ते हेच, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. प्रभूने तो प्रश्नच नाकारला. आपल्या गावांतून तो आजही विचारला जातो आणि बहुधा बापाला सोडून आईलाच विचारला जातो: ग्रहणात बाहेर पडली होतीस का, काही चिरलेस का, कोणाचे काही वाईट चिंतलेस का? ख्रिस्ती घरांतून भाषा बदलते. तेथे म्हणतात, देवाने तुझी निवड केली. असे मूल सांभाळण्याचे बळ ज्याच्या अंगी आहे त्यालाच तो ते देतो. बोलणाऱ्याचा हेतू प्रेमाचा असतो याबद्दल आम्हांस शंका नाही. पण या गौरवाचा एक परिणाम असा होतो की, आईला एकदा संतपदाला बसवले म्हणजे तिच्या घरी जाऊन तासभर मूल धरण्याची जबाबदारी उरत नाही. निंदा करणारा आणि स्तुती करणारा, दोघेही तिला एकटीच सोडून आपापल्या घरी जातात. शब्दांचेही तसेच. पंगू गेले, अपंग आले, विकलांग आले, २०१५ पासून दिव्यांग रूढ झाले. शब्द सभ्य असावा, याबद्दल वाद नाही. मात्र कोणत्याही शब्दाने जेऊर आणि सोलापूर यांतील अंतर एक किलोमीटरनेही कमी केलेले नाही.

या संदर्भात ख्रिस्तसभेच्या सभासदांवर एक विशेष भार आहे, तोही स्पष्ट बोललेला बरा. गर्भातील जीव, मग तो अपंग का असेना, देवाची प्रतिमा आहे, असे आपण सांगतो. २०२१ मध्ये गर्भपाताच्या कायद्यात दुरुस्ती होऊन, गर्भात गंभीर व्यंग आढळल्यास वैद्यकीय मंडळाच्या संमतीने २४ आठवड्यांनंतरही गर्भपात करण्याची मुभा मिळाली, तेव्हाही आपली भूमिका बदलली नाही. ती बदलावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या बाईला आपण मूल जन्माला घाल म्हणून सांगतो, तिला पुढच्या वीस वर्षांत कोण उचलू लागणार, हे सांगण्यास आपण बांधलेले आहोत. ते न सांगता केलेला उपदेश म्हणजे दुसऱ्याच्या खात्यावर दिलेली देणगी होय.

सरकार काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. त्याचे फिरते पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलांना तपासते आणि शंका आल्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते, अशी त्याची रचना आहे. २०१६ च्या कायद्याने मान्य अपंगत्वांची संख्या ७ वरून २१ केली. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्राने या कामासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. कायदे आहेत, विभाग आहे, ओळखपत्र आहे. वर्षातील दोन दिवस तपासणीही आहे. प्रश्न उरलेल्या ३६३ दिवसांचा आहे.

आणि त्याचे उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी, एका निराळ्या प्रसंगी, शोधून ठेवलेले आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. बालवाडी उघडली, पण गरिबांची व आदिवासींची मुले तिकडे फिरकेनात. पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असा शेरा त्यांनाही मारता आला असता. त्यांनी तसे केले नाही. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी मुलांच्या अंगणात नेऊ, असे ठरवून त्या पाड्यांवर गेल्या. अंगणवाडी हा शब्द आणि ही कल्पना अशी जन्मली. पुढे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात गेली. आज देशभर लाखो फलकांवर दिसणारा हा शब्द मुळात एका नैतिक निर्णयाचे नाव आहे: अंतर तोडण्याचे कष्ट दुबळ्याने नव्हे, समर्थाने घ्यावेत. ते नाव फलकावर राहिले आणि लंगडणारे मूल मात्र अंगणवाडीबाहेर राहिले, कारण त्याला सांभाळायचे कसे हे सेविकेला कोणी शिकवले नव्हते. अपंग बालकांना अंगणवाडीत कसे सामावून घ्यावे याची राष्ट्रीय कार्यपद्धती केंद्र सरकारने जाहीर केली ती २०२३ च्या नोव्हेंबरात.

घरी जाऊन साहाय्य देणे हे भाबडे स्वप्न नव्हे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बालकाची घरी काळजी घ्यायला शिकवले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तेथील नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दाखवले. त्या धर्तीवर आज आशाताई जन्मानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत घरी येते, आणि २०१८ पासून पुढे पंधरा महिन्यांपर्यंत आणखी पाच भेटी ठरलेल्या आहेत. म्हणजे मूल मान धरत नाही, हे आईनंतर जिला प्रथम दिसते ती आशाताईच. परंतु अपंग बालकाच्या घरी खरी गरज वाढू लागते तेव्हाच तिच्या ठरलेल्या भेटी संपतात. अमेरिकेतही विस्कॉन्सिन राज्यातील पोर्टेज या गावी १९६९ साली हीच अडचण होती: विस्तीर्ण ग्रामीण मुलूख, मुले केंद्रात आणणे दुरापास्त. तेथे शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी जाऊ लागली. ती शिकवीत असे मुख्यतः आईवडिलांना, आणि तेही थोडेथोडके: या आठवड्यात पेला दोन्ही हातांनी धरणे, एवढेच. पुढल्या भेटीत ते जमले की नाही हे पाहायचे आणि पुढची पायरी द्यायची. ही पद्धत पुढे अनेक देशांनी स्वीकारली. तिला यंत्रसामग्री लागत नाही. न चुकता येणारे माणूस लागते.

येथे कोणी म्हणेल की हे काम शासनाचे, आणि कोणी म्हणेल की कुटुंबाचे. पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या आपल्या विश्वपत्रात सांगितले की, लहान समूह जे करू शकतो ते मोठ्याने हिरावून घेऊ नये. या तत्त्वाचा आधार घेऊन कुटुंबाला त्याच्या नशिबावर सोडणारे लोक आम्ही पाहिले आहेत. पण त्या तत्त्वाचे नावच मुळी साहाय्य या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. कुटुंबाचे काम कुटुंबाने करावे, पण ते करण्याचे बळ त्याला मोठ्या समूहाने पुरवावे, असा त्याचा पुरा अर्थ होय. आई मुलाला भरवील. कसे भरवावे हे शिकवणारी व्यक्ती गावात पाठवणे आईच्या हातात नाही.

चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यात आपण नेहमी शोमरोन्याविषयीच बोलतो. तो दुसऱ्या दिवशी पुढे निघून गेला. जखमी माणसापाशी राहिला तो उतारशाळेचा मालक. रात्री उठून पाणी देणे, पट्ट्या बदलणे, तो बरा होईतो वाट पाहणे हे त्याच्या वाट्याला आले असणार. त्याचे नाव नाही, जात नाही, त्याच्या मनात काय होते तेही सांगितलेले नाही. आणि शोमरोन्याने ते काम त्याच्या धर्मबुद्धीवर सोडले नाही. दोन दीनार आधी हातावर ठेवले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन, असे वचन दिले. आमच्या सेविकांना व आशाताईंना मात्र आजही पगार मिळत नाही, मानधन मिळते; ते वाढावे म्हणून राज्यातील अंगणवाडी सेविकांना २०२३ च्या डिसेंबरात संपावर जावे लागले. अपंग मुलांचे काम त्यांच्याकडे द्यायचे तर त्याचे प्रशिक्षण आणि त्याचा मोबदला, दोन्ही द्यावे लागतील. सेवाभावाची आठवण आपल्याला नेहमी कमी पैसे देतानाच का होते, हा विचार करण्यासारखा विषय आहे.

धर्मग्रामाने काय करावे, असे विचारल्यास आम्ही रुग्णालय बांधा म्हणणार नाही. ज्या घरी असे मूल आहे त्या घरी ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी दोन तास कोणी जाऊन बसावे, म्हणजे आईला झोपता येईल किंवा बाजारात जाता येईल. घर ख्रिस्ती आहे की नाही, हे पाहू नये. मूल टेकून बसेल अशी कोपऱ्याची लाकडी खुर्ची गावचा सुतारही करू शकतो. माप मात्र जाणकाराकडून घ्यावे लागते आणि मूल वाढले की खुर्ची बदलावी लागते. सोलापूरला जाणे अटळ असेल त्या दिवशी सोबतीला एक माणूस हवे, कारण दोघांनी आळीपाळीने उचलले तर ते मूल चार वर्षांचे झाल्यावरही त्या फेऱ्या चालू राहू शकतात. असे माणूस कोण, आणि कोणत्या वारी, हे विचारण्याची जागा मिस्सा संपल्यावर मंदिराच्या दारात उभे राहून गप्पा मारणाऱ्या आपल्या घोळक्यातच आहे.