पुन्हा तीच बातमी

अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या कोणत्याही सार्वजनिक वाचनालयात, सकाळच्या प्रहरी वृत्तपत्रे चाळीत बसलेल्या मंडळींमध्ये एक उद्गार हमखास ऐकू येतो : "हे तर परवाच वाचलं होतं!" उद्गार साधा असतो. त्यात थोडा त्रागा असतो आणि थोडा आनंदही असतो. संपादकाच्या ध्यानात न राहिलेली गोष्ट आपल्या ध्यानात राहिली, याचा तो आनंद. कधी हाच उद्गार कागदावर उतरतो आणि वाचकांच्या पत्रव्यवहाराकडे रवाना होतो. त्याच त्या बातम्या आपण पुन्हा पुन्हा का छापता, हा प्रश्न वरवर पाहता संपादनाच्या कामकाजाचा वाटतो. परंतु थोडे खोलात शिरले असता तो नीतीचा प्रश्न आहे असे आम्हांस दिसते. एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगण्याचा अधिकार माणसाला केव्हा प्राप्त होतो, आणि ती पुन्हा ऐकण्याचे कर्तव्य केव्हा उत्पन्न होते, याचा येथे थोडा विचार करू.

प्रथम वाचकाची बाजू घेऊ, कारण ती बरीचशी न्याय्य आहे. एकच बातमी दोनदा छापली जाते ती बहुधा कपटाने नव्हे, हलगर्जीपणाने. तालुक्याचा वार्ताहर एक मजकूर पाठवितो. दोन दिवसांनी तोच मजकूर वृत्तसंस्थेकडून फिरून येतो. एखाद्या संस्थेचे प्रसिद्धिपत्रक मुख्य अंकातही लागते आणि जिल्हा पुरवणीतही. दिवसपाळीच्या उपसंपादकाने काय लावले ते रात्रपाळीच्या उपसंपादकाने पाहिलेले नसते. मथळा बदलतो, मजकूर तोच राहतो. यात कोणाचे काय बिघडले, असे कोणी विचारील. आमच्या मते दोन गोष्टी बिघडतात. पहिली जागेची. वृत्तपत्राची पाने मोजकी असतात. एका बातमीने दोनदा जागा अडविली की मेळघाटातल्या एखाद्या गावाच्या पाणीटंचाईची बातमी बाहेर राहते. आणि जे छापलेच गेले नाही त्याविषयी तक्रार करावयास कोणी येत नाही, म्हणून हा अन्याय कोणाला दिसतही नाही. दुसरी गोष्ट विश्वासाची. वाचकाने जे मन लावून वाचले, ते छापणाऱ्याने स्वतः वाचलेच नव्हते, असा अर्थ त्या दुसऱ्यांदा आलेल्या बातमीतून निघतो. ज्याने लक्षात ठेवले त्याचा हा एक प्रकारे अवमानच होय. म्हणून अशी तक्रार करणाऱ्या वाचकाला संपादकाने त्रासिक समजू नये. तो आपले पत्र खरोखर वाचतो, एवढे तरी त्या तक्रारीवरून सिद्ध होते.

पुनरुक्तीचा याहून गंभीर धोका निराळाच आहे. १९७७ साली अमेरिकेतील हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या तीन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा बोलावून काही विधाने ऐकविण्यात आली. त्यांतील काही खरी होती, काही खोटी. जी विधाने प्रत्येक वेळी पुन्हा ऐकविली गेली ती, खरी असोत वा खोटी, विद्यार्थ्यांना उत्तरोत्तर अधिक खरी वाटू लागली. कानाला परिचित झालेली गोष्ट मनाला सत्य वाटू लागते, असा याचा निष्कर्ष. हा निष्कर्ष केवळ प्रयोगशाळेपुरता नाही, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याचे संदेश तेव्हा कित्येक आठवडे भ्रमणध्वनीवरून फिरत होते. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी, भिक्षा मागत आलेल्या भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने त्या अफवेपायी ठार मारले. त्याच महिन्यात, एकच संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येणार नाही असे बंधन व्हॉट्सॲपने भारतापुरते जाहीर केले. पुढे पाठविणाऱ्या हजारो माणसांपैकी कोणी त्या गावाच्या वेशीपर्यंत जाऊन पाहिले नव्हते. प्रत्येकाने केवळ पुन्हा सांगितले होते.

मग पुनरुक्ती हा दोषच म्हणावा काय? तसे म्हणावयास आमची जीभ धजत नाही, आणि त्याचे कारण आमच्या वऱ्हाडच्याच मातीत आहे. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गाव मराठी गद्याचे माहेर. मराठी भाषेचे विद्यापीठ आज याच गावी आहे. श्रीचक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर त्यांचे अनुयायी येथे जमले आणि इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी एकत्र करण्यास आरंभ केला. नागदेवाचार्यांना सांगता आल्या त्या आठवणी तर त्यांनी घेतल्याच. परंतु ज्या ज्या माणसाने प्रसंग प्रत्यक्ष पाहिला होता त्याच्या गावी जाऊन त्याच्या तोंडून तो पुन्हा ऐकला. तीच लीळा दोघांनी दोन तऱ्हांनी सांगितली, तर एकीला खोडून दुसरी ठेवली असे झाले नाही. भेदही नोंदला गेला. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी, परचक्राच्या धामधुमीत, मूळ पोथी नष्ट झाली. तेव्हा ज्यांनी ती वारंवार ऐकून आणि म्हणून मुखोद्गत केली होती अशा मंडळींनी ती पुन्हा उभी केली. हिराइसेच्या स्मरणातून आलेला पाठ तिच्याच नावाने ओळखला जातो. त्या मंडळींना तेच ते म्हणण्याचा कंटाळा आला असता, तर लीळाचरित्र आज आपल्या हाती नसते.

दुसरे उदाहरण त्याच जिल्ह्यातील शेंडगावचे. १८७६ साली तेथे जन्मलेल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तनातून सांगितले ते काय? गाव स्वच्छ ठेवा, मुलांना शिकवा, कर्ज काढून सण-लग्ने करू नका, देवापुढे मुके जनावर मारू नका. विषय चार-पाचच होते. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईत, वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात झालेल्या आणि ध्वनिमुद्रणामुळे जपल्या गेलेल्या अखेरच्या कीर्तनापर्यंत ते फारसे बदलले नाहीत. तरीही माणसे मैलोगणती चालत येत. आम्हांस वाटते, त्याचे रहस्य कीर्तनाच्या आधीच्या घटकेत होते. बाबा गावात शिरत ते हातात खराटा घेऊन. आधी ते त्या गावचा रस्ता झाडीत आणि मग रात्री स्वच्छतेविषयी बोलत. शब्द जुने असले तरी झाडलेला कचरा त्या दिवसाचा असे. ऐकणाऱ्याला तेवढे पुरे होई.

ख्रिस्तमंडळाच्या इतिहासातही या प्रश्नाचा एकदा निर्णय झालेला आहे. चार शुभवर्तमानांत तेच प्रसंग पुन्हा पुन्हा येतात. इ. स. १७० च्या सुमारास ताशियन नावाच्या सिरियाच्या विद्वानाला ही पुनरुक्ती अनावश्यक वाटली. त्याने चारही वृत्तांतांची एक सलग कथा गुंफली, आणि दोन शतकांहून अधिक काळ सिरियातील मंडळ्या उपासनेत तीच वाचीत होत्या. पाचव्या शतकात सायरसचे बिशप थिओडोरेट यांनी आपल्या प्रदेशातील तिच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून बाजूस ठेवविल्या आणि त्यांच्या जागी चार शुभवर्तमाने पुन्हा आणली. वाचनाची सोय गेली. परंतु चार साक्षींची एक साक्ष केल्याने साक्ष बळकट होत नाही, दुबळी होते, हे त्या निर्णयाने राखले. रविवारच्या उपासनेतील पाठही १९६९ पासून दर तीन वर्षांनी तेच येतात. आणि धर्मगुरूंचे प्रवचन तेच ते असते हा आक्षेप तर आम्हा मंडळींना चांगल्याच परिचयाचा आहे. पाठ तोच असण्यात दोष नाही. गेल्या तीन वर्षांत गावात जे घडले ते प्रवचनात उतरत नसेल, तर मात्र आक्षेप घेणाऱ्याचे बरोबर आहे.

या सर्व उदाहरणांतून आम्हांस एकच कसोटी सापडते. पुन्हा सांगण्यापूर्वी सांगणारा पुन्हा गेला होता काय? म्हाइंभट साक्षीदाराच्या दारी गेले, गाडगेबाबा रस्त्यावर उतरले. राईनपाड्याची अफवा पुढे पाठविणारे कोठेच गेले नाहीत, आणि एकच प्रसिद्धिपत्रक दोनदा लावणारा उपसंपादकही खुर्चीवरून उठलेला नसतो. जो पुन्हा जातो त्याची गोष्ट शब्दाला शब्द जुळला तरी नवी असते. जो जात नाही त्याची गोष्ट मथळा कितीही बदलला तरी शिळीच.

ही कसोटी आता वऱ्हाडाच्या सर्वांत कठीण बातमीला लावून पाहू. आमच्या वाचकाला ज्या बातमीचा सर्वाधिक कंटाळा आला आहे ती कोणती, हे सांगावयास नको. यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व चार मुलांसह आपली जीवनयात्रा संपविली. ही राज्यातील पहिली जाहीर शेतकरी-आत्महत्या मानली जाते. २००६ च्या जुलैत तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्या सहांत अमरावती आणि अकोला हे दोन्ही होते. अमरावती विभागातील पाच जिल्ह्यांची नोंद २००१ पासून ठेवली जाते, आणि तिचा आकडा वीस हजारांच्या पलीकडे गेला आहे. पहिल्या पानावरची ही बातमी हळूहळू आतल्या पानाच्या कोपऱ्यात गेली. "किती दिवस तेच ते?" असे वाचक म्हणू लागला, आणि संपादकालाही ते पटू लागले.

येथे एका नियमाची दखल घेणे प्राप्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाला अनुसरून भारतीय वृत्तपत्र परिषदेने सप्टेंबर २०१९ मध्ये सांगितले की आत्महत्येच्या बातम्या ठळक जागी आणि अकारण पुन्हा पुन्हा देऊ नयेत, मरणाच्या रीतीचे वर्णन करू नये. नियम योग्यच आहे. कारण तशाच संकटात सापडलेले दुसरे दुबळे मन ती बातमी वाचीत असते. परंतु या नियमाचा आधार घेऊन कोणी विषयच मिटवू पाहील, तर ती पळवाट होईल. मरणाचे वर्णन पुन्हा पुन्हा नको, हे मान्य. ज्या जगण्यातून ते मरण आले त्याची चौकशी मात्र पुन्हा पुन्हा हवी. कापसाला मिळालेला भाव, सावकाराचे व्याज, न आलेला पीकविमा, पावसाने ओढ दिल्यावर करावी लागलेली दुबार पेरणी हे विषय दर वर्षी तेच असतात. परंतु त्यांचे आकडे दर वर्षी निराळे, आणि ज्या घराला ते भोवतात ते घरही निराळे.

ते घर बहुधा एका बाईने सावरलेले असते. शासनाचे एक लाख रुपयांचे साहाय्य मिळण्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावे लागते. शेत कुटुंबाच्या नावे होते काय, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे होते काय, ते थकले होते काय, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती पाहते. सावकाराचे तोंडी कर्ज कागदावर नसते. सातबारावर वारसाची नोंद व्हावयाची असते. ती बाई तलाठ्याकडे जाते, तहसिलीत जाते, बँकेत जाते, आणि प्रत्येक ठिकाणी आपली तीच कहाणी पहिल्यापासून सांगते. बातमी पुन्हा वाचण्याचा आपल्याला आलेला कंटाळा एकीकडे ठेवावा आणि ती पुन्हा सांगण्याचा तिला येत असलेला शीण दुसरीकडे ठेवावा. तराजूचे पारडे कोणीकडे झुकते हे वेगळे सांगावयाची गरज नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानात एका न्यायाधीशाची गोष्ट आहे. एक विधवा त्याच्याकडे वारंवार येऊन न्याय मागते. तो देवालाही भीत नाही आणि माणसालाही जुमानीत नाही. अखेरीस तिच्या येरझाऱ्यांना कंटाळून तिला न्याय देतो. ही गोष्ट प्रार्थनेविषयी सांगितली जाते, आणि ते उचितच आहे. परंतु आजच्या विषयाच्या संदर्भात तीत आणखी एक गोष्ट ध्यानात येते. त्या विधवेजवळ पैसा नव्हता, वशिला नव्हता. पुन्हा जाऊन पुन्हा सांगणे एवढे एकच बळ तिच्यापाशी होते. उलट, पुन्हा तेच ऐकावे लागते ही तक्रार त्या गोष्टीत करतो तो न्यायाधीश. तक्रार करताना आपण कोणाच्या आसनावर बसलो आहोत, हे प्रत्येक वाचकाने क्षणभर पाहावे.

याचा अर्थ वाचकाने गप्प बसावे असा मुळीच नाही. त्याने पत्रे अवश्य लिहावीत. निष्काळजीपणाने दोनदा छापलेल्या मजकुराबद्दल संपादकाला दोन शब्द स्पष्ट सुनवावेत. मात्र ज्या बातमीत माणसाचे दुःख आहे तिच्याविषयी लिहिताना 'ही पुन्हा का छापली?' एवढेच न विचारता 'मागच्या वेळी जिच्याविषयी छापले होते त्या बाईचे पुढे काय झाले?' असे विचारावे. तिचे प्रकरण पात्र ठरले काय, सातबारावर तिचे नाव चढले काय, मुलीची शाळा सुटली की टिकली? या प्रश्नांची उत्तरे कार्यालयात बसून देता येत नाहीत. त्यांसाठी वार्ताहराला त्या गावी पुन्हा जावे लागते.