पॅकअपनंतरचं गाव

खटाव तालुक्यातल्या एका घरी पाणीटंचाईवरच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण चाललं होतं. मी साउंडला होतो. घरमालक काकांच्या सदऱ्याला आतून कॉलर माइक लावला, ट्रान्समीटर कमरेला खोचला आणि अंगणात चिंचेखाली मशीन मांडून बसलो. मुलाखत अर्ध्यावर आल्यावर बॅटरी बदलायला कॅमेरा थांबला. काका पाणी प्यायला आत गेले. माइक चालूच होता. आतल्या खोलीत काका-काकू हलक्या आवाजात जे बोलले, ते माझ्या हेडफोनमध्ये श्वासासकट आलं आणि रेकॉर्डही झालं.

संध्याकाळी दिग्दर्शकाने विचारलं, "आत काही बोलले का रे? काही सापडलं?" मी म्हणालो, "बोलले ते त्यांच्या घरातलं होतं. मी पुसून टाकलं." त्या निर्मात्याचा मला पुन्हा कधी फोन आला नाही. कारण हेच होतं असं मी ठामपणे म्हणणार नाही. आणि ते दोघं काय बोलले ते इथेही लिहिणार नाही.

या धंद्यात पगारी माणसाच्या पाठीशी संपादक असतो, नियमावली असते, चुकलं तर निस्तरणारा कायदा विभाग असतो. दिवसाच्या हिशोबाने काम करणाऱ्या लाइटमनच्या, साउंडवाल्याच्या, स्पॉटदादाच्या पाठीशी काय असतं? पुढचा फोन येईल ही आशा. म्हणून आमच्या सचोटीचा विचार करताना सुरुवात पैशापासूनच करावी लागते. ज्याचा उद्याचा दिवस कुणाच्या तरी मर्जीवर आहे, त्याने आज 'नाही' म्हणायची किंमत इतरांपेक्षा जास्त असते.

साताऱ्यात असं दिवसाच्या हिशोबाचं काम आता घरोघरचं झालं आहे. 2004 साली आलेल्या 'स्वदेस'साठी मेणवलीत युनिट उतरलं तेव्हा कॅमेऱ्यामागची बहुतेक माणसं बाहेरून आली होती. पुढे वाई परिसर हिंदी सिनेमाच्या सवयीचा झाला. 2017 पासून 'लागिरं झालं जी'ने साताऱ्याची बोली रोज रात्री घराघरांत नेली आणि मालिकांची युनिटं महिनोन् महिने इथेच मुक्कामाला राहू लागली. जनरेटरवाला वाईचा, आर्टचा पोरगा कराडचा, ड्रेसदादा मिरजेचा असं होऊ लागलं. मुंबईचा माणूस पॅकअप झाला की घाट उतरून जातो. आमचं तसं नाही. ज्या गावात आज ट्रॉली लावली, त्याच गावात पुढच्या महिन्यात चुलतबहिणीच्या लग्नाला जायचं असतं. आमच्या व्यवसायाची नीतिमत्ता मला शेवटी इथेच सापडली. काम झाल्यावर त्या दारात पुन्हा उभं राहता येईल का, हे मी प्रत्येक वेळी स्वतःला विचारतो.

गावाच्या भरवशावर पोट चालवणं हे काही आजचं नाही. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीतास्वयंवर' नाटक उभं केलं ते तिथले संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने. 1851 मध्ये आप्पासाहेब गेले, दरबारचा हात सुटला आणि मंडळींना घेऊन भाव्यांना गावोगाव हिंडावं लागलं. 1853 मध्ये त्यांचे खेळ मुंबईत झाले. मराठी रंगभूमीचा जनक म्हणून आपण त्यांना 5 नोव्हेंबरला वंदन करतो. मला मात्र त्यांचा तो दौऱ्याचा काळ जवळचा वाटतो. राजाचा तनखा गेल्यावर माणसं टिकवायची, त्यांचं पोट भरायचं आणि नव्या गावात आपल्या वागण्याच्या जोरावर मुक्काम मागायचा, हे सगळं त्यात आलं.

आता 2020 कडे येतो. टाळेबंदी सैल झाली होती, महिनोन् महिने घरी बसलेली माणसं कामासाठी आसुसलेली होती. 'आई माझी काळूबाई' या मालिकेचं चित्रीकरण सातारा जिल्ह्यात सुरू झालं. सप्टेंबरमध्ये त्या युनिटमधल्या वीसहून अधिक जणांना करोनाची लागण झाली आणि 22 सप्टेंबरला आशालता वाबगावकर साताऱ्यातच गेल्या. वय 79. गोव्याच्या मातीतली, नाटकात गाऊन नाव केलेली ही अभिनेत्री शेवटपर्यंत कामावर होती. विषाणू कुणी आणला, कोण चुकलं, हे शोधायचा माझा हेतू नाही, तो अधिकारही नाही. पण त्या दिवसांत इतर सेटवर मी स्वतः जे पाहिलं ते सांगतो. सकाळी गेटवर ताप मोजत. अंगात कणकण असलेली माणसं गोळी घेऊन, तोंड धुऊन, सावलीत थांबून मग रांगेत येत. मीही एकदा आलो. त्या दिवशी मला काही निघालं नाही, हे नशीब. निघालं असतं तर माझ्या हातून कुणाच्या गळ्याला माइक लागला होता, याचा विचार आजही मला झोपू देत नाही.

आम्ही बेजबाबदार होतो, असं म्हणून हे संपत नाही. आजारी पडल्याचं सांगितलं तर त्या दिवसाचे पैसे नाहीत आणि जागी दुसरा माणूस उभा. त्यात झालेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी, हा मालिकांच्या धंद्यातला जुना रिवाज. जूनच्या घामाचा पैसा गणपतीनंतर हातात पडतो, तोवर किराणावाल्याची वही भरत राहते. अशा माणसाला 'खरं सांग' असा उपदेश करणं सोपं आहे. आजारपणाच्या दिवसाचा रोज देणं आणि महिन्याच्या महिन्याला हिशोब चुकता करणं, हा सेटवरच्या प्रामाणिकपणाचा निम्मा भाग आहे आणि तो निर्मात्याच्या वाट्याचा आहे. 1981 चा सिने-कामगार कायदा चित्रपटांपुरता होता. 2020 च्या श्रमसंहितेने मालिकांतल्या माणसांनाही दृक्-श्राव्य कामगार म्हटलं आणि लेखी कराराची अट घातली. माझ्या ओळखीच्या लाइटमनपैकी एकाकडेही असा कागद नाही. फोनवर तारखा ठरतात, फोनवरच रद्द होतात.

बातम्यांसाठी धावणाऱ्या स्ट्रिंगरची परीक्षा तर याहून अवघड. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फूट ओलांडले, धोक्याची पातळी 45. माझा एक मित्र तेव्हा एका वाहिनीसाठी बातमीमागे पैसे या बोलीवर काम करत होता. शाळेतल्या छावणीत एक मावशी बोलता बोलता रडल्या, पण फ्रेम हलली. डेस्कवरून फोन आला, पुन्हा विचार, रडताना हव्यात. त्याने मावशींना चहा आणून दिला आणि पुलावर जाऊन पाण्याचे शॉट पाठवले. बातमी लागली नाही, पैसेही आले नाहीत. त्याचं घर छावणीपासून चार गल्ल्यांवर आहे.

लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार गुन्हा आहे. म्हणून चेहरा धूसर करतात आणि काम झालं असं समजतात. मुंबईत ते पुरत असेल. तासगाव किंवा कोरेगावकडच्या खेड्यात दारातला पिंपळ, निळा पत्रा, आजोबांच्या बोलण्यातला एखादा शब्द दिसला-ऐकला की पंचक्रोशी घर ओळखते. हे एडिटरला कळणार नाही, इथल्या कॅमेरामनला कळतं. त्यामुळे पत्रा फ्रेमबाहेर ठेवायची जबाबदारी त्याच्यावर येते, मग त्याच्या खिशात कुठल्या वाहिनीचं ओळखपत्र असो वा नसो.

माझ्यापुरते मी दोन नियम केले आहेत. माइक लावतानाच सांगतो, "काका, हा चालू असतो. आत जाताना मला हाक मारा, मी बंद करतो." आणि सहायक मुलाचे पैसे माझे आले नसले तरी त्या आठवड्यात देतो. दुसरा नियम पाळताना दोनदा बायकोचे दागिने गहाण पडले आहेत, म्हणून तो सगळ्यांनी पाळावा असं मी म्हणू शकत नाही.

गेल्या वर्षी वाईजवळच्या एका गावात मालिकेचं काम संपलं. एका घराची दर्शनी भिंत कथेसाठी काळपट रंगवली होती, ती पूर्ववत करून देण्याचं ठरलेलं होतं. युनिट निघून गेलं. दोन महिन्यांनी मी त्या वाटेने जाताना पाहिलं, तर आर्टचा कराडचा पोरगा शिडीवर होता, खाली चुन्याची बादली. रविवार होता, गाडी स्वतःची, रंग स्वतःच्या पैशाचा. घरातल्या आजी ओसरीवरून त्याला सांगत होत्या, "वर कोपऱ्यात राहिलंय बघ बाळा." मी पायातल्या चपला काढल्या आणि दुसरा ब्रश उचलला.